डबीचा दिवा

ता. ५ फेब्रुवारी

चि. भाऊस,
अनेक आशीर्वाद.

निघताना तू म्हणालास, रविवारी दहाला हॅम रेडिओवर भेटू. तीन रविवार मी तुझ्या दाजींच्या खुर्चीत बसते. बटण दाबून हाक मारते, सोडून ऐकते, तर नुसती खरखर. सेट चालू आहे, काटा हलतो. परवाना मलाही आहे, पण यंत्राचं सगळं तेच बघायचे. मी फक्त बोलायची. मला काही उमजत नाही.

ते गेले तेव्हा तू दोन दिवसांनी पोचलास, म्हणून मी सगळ्यांसमोर टाकून बोलले. त्याचाच हा अबोला का? फोनवर तू बरं म्हणून ठेवून देशील, म्हणून पत्र. काल तर, ऐकायला कोणी नाहीच असं धरून, मनातलं बोलून मोकळी झाले. काय ते विचारू नकोस.

बाकी ठीक. तू गेल्यावर टेबल आवरलं तेव्हा एक काळी डबी उगीच दिवा लावून बसलेली दिसली. तिचा प्लग काढून तिथे पंखा लावला.

रागावलास तरी माया ठेव.
तुझी ताई

ता. ९ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न.

अबोला कसला? तिन्ही रविवार घसा बसेपर्यंत उत्तर देत होतो आणि तू मध्येच म्हणायचीस, नसशील बोलत तर राहिलं. मी चक्रावलो. ही म्हणाली, ताईंना कमी ऐकू येतं का, विचारा.

गच्चीवर अँटेनापाशी दाजींनी प्रीअँप बसवलाय. लांबून आलेला बारीक आवाज तो मोठा करतो. त्याला वीज तुझ्या त्या डबीतून, अँटेनाच्याच केबलने वर जाते. बोलायला बटण दाबलं की डबी वीज तोडते आणि तो बाजूला होतो, नाहीतर सेटच्या जोराने जळेल. म्हणून डबी बंद असूनही तुझं बोलणं सुखरूप आलं. माझं खरखरीत बुडालं.

तेव्हा मनातलं मला ऐकू आलं. निरोप तूच उशिरा धाडलास, असं कबूल केलंस, ते. त्या वेळेला त्याच लहरीवर ऐकायला आमचे दातांचे डॉक्टर आणि एक निवृत्त पोस्टमास्तरही असतात. दोघांनी तुझी चौकशी केली. सगळ्यांसमोर बोललीस, सगळ्यांसमोरच मागे घेतलंस. फिटलं. पंखा काढ, डबी लाव. मी काय उत्तर दिलं, ते रेडिओवरच सांगेन.

लोभ होता तसा राहू दे.
तुझा भाऊ

ता. १८ फेब्रुवारी

चि. भाऊस,
आशीर्वाद.

आज डबीचा दिवा लागला आणि खरखरीतून तू आलास. काय बोलशील, म्हणून मी धास्तावले होते. तू विचारलंस, ताई, चहा झाला का. मग म्हणालास, त्या रविवारीही एवढंच विचारलं होतं.

मी बटण दाबलं. दिवा विझला, तू लिहिलंस तसा. किती वेळ नुसतंच दाबून धरलं, कोण जाणे. पोस्टमास्तर काय समजले असतील?

लोभाचा प्लग तेवढा काढू नकोस.
ताई

ता. क. चहा झाला होता.