मोकळं मनगट

११ नोव्हेंबर, सुरत

"हात ढिला सोड, बेटा. ताठ धरशी तर काच तुन्हाच आंगमा घुसी."

फुलवंताबाई बांगडीवाली म्हणाली होती. बावीस वर्षांपूर्वी, माहेरी रनाळ्याला, माझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी. आज नर्सनं साबण लावून डाव्या हातातल्या बांगड्या उतरवल्या तेव्हा तिची आठवण झाली. हात ढिला सोडला. एकही फुटली नाही. उजव्या हातातल्याही ती काढणार होती, पण नवनीतनं तिला विनवलं — एवढ्या तरी राहू द्या. मग तिनं त्या वर सरकवून पट्टीनं गुंडाळल्या.

(तोंडानं मी त्याला 'अहो' म्हणते. नवनीत फक्त इथे, वहीत.)

उद्या सकाळी माझा डावा स्तन काढणार आहेत. हे वाक्य एकदा पुरतं लिहून बघायचं होतं. लिहिलं.

१३ नोव्हेंबर

जागी आहे. डावीकडे पट्टी, काखेतून एक नळी, नळीच्या टोकाला डबी, डबीत तांबडं पाणी. बाकी नंतर.

१७ नोव्हेंबर

काखेतल्या गाठीही काढल्या. त्यातल्या काहींत आजार पोचलेला होता. म्हणजे केमो घ्यावा लागणार. डॉक्टर हे सांगत होते तेव्हा मी त्यांच्या टेबलावरच्या कॅलेंडरकडे बघत होते. त्यावर नर्मदेचं चित्र होतं.

मग डाव्या हाताबद्दल. या हाताला सुई नाही, बीपीचा पट्टा नाही, जड उचलणं नाही, मनगटाला घट्ट काही नाही. एकदा सूज धरली की उतरत नाही. जखम झाली तर विष भराभर चढतं.

"बांगडी?" हे नवनीतनं विचारलं. मला विचारवलं नव्हतं.

बांगडी नाही, घड्याळ नाही, आणि हे कायमचं.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. दोघांनाही एकाच वेळी त्याची आई आठवली असणार.

२३ नोव्हेंबर, कळसाडी

घरी आले. सासूबाईंनी दारात भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं. वाटलं होतं, आधी छातीकडे बघतील. मी पदर दुहेरी घेतला होता त्यासाठी. त्यांनी तिकडे पाहिलंच नाही. नजर थेट मनगटावर.

"हाऊ हात मोकळा काब्र शे?"

नवनीतनं डॉक्टरचं सगळं सांगितलं. अगदी हळू, मुलाला समजावतात तसं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "डॉक्टरनं काय जास? आंडोर मन्हा शे."

डॉक्टरचं काय जातंय, मुलगा त्यांचा. एवढं म्हणून चहा ठेवायला आत गेल्या.

२५ नोव्हेंबर

मला सासूबाईच आंघोळ घालतात. मी नको म्हणत होते — चव्वेचाळीस वर्षांची बाई, शाळेत नववीला मराठी शिकवणारी, आणि सासूसमोर उघडी पाटावर बसलेली! त्यांनी दार लावलं आणि कामाला लागल्या. टाक्यांना हात न लावता सगळीकडे कोमट पाण्याचं फडकं फिरवलं. टाक्यांकडे वाकून बघितलं. म्हणाल्या, शहाद्याच्या टेलरपेक्षा बरं शिवलंय, उसवलेलं कुठे दिसत नाही. मला हसू आलं आणि हसताना दुखलं.

डावं मनगट मात्र त्या चुकवतात. कोपरापर्यंत येतात, मग बोटांवर जातात. मधली जागा मी स्वतः धुते.

२८ नोव्हेंबर

आज सासूबाई कापूस निवडत बसल्या होत्या, मी शेजारी भिंतीला टेकून. न विचारता सांगू लागल्या. माझे सासरे उखा पाटील विहिरीवरची मोटर चालू करताना शॉक लागून गेले, हे मला ठाऊक होतं. पुढचं ठाऊक नव्हतं. त्या सकाळी धुणं आपटताना त्यांच्या बांगड्या फुटल्या. दोन-तीनच उरल्या. बाजाराचा दिवस होता, नव्या भरायच्याच आहेत म्हणून उरलेल्याही त्यांनी काढून ठेवल्या. बांगडीवाली दुपारी येणार होती. त्याआधी विहिरीवरून माणसं आली.

"एक दिवस मन्हा हात मोकळा ऱ्हायना," म्हणाल्या. "एकच दिवस."

विजेचा आणि बांगडीचा संबंध नाही, हे मी वर्गात फळ्यावर लिहून देईन. इथे त्यांच्या त्या दोन हातांकडे बघत राहिले. कोपरापर्यंत नुसती कातडी, आणि त्यावर चिकटलेला कापूस.

१ डिसेंबर

नवनीत संध्याकाळी उसातून आला आणि ओट्याच्या पायरीवरच बसला. एवढ्या थंडीत कपाळ घामानं भिजलेलं. हात छातीवर. गॅस झालाय म्हणाला, दुपारी भरीत जास्त खाल्लं. सोडा घेतला. ढेकर आल्यावर बरं वाटलं म्हणे.

सासूबाईंनी त्याच्या घामाकडे पाहिलं, मग माझ्या मनगटाकडे. मीही तेच पाहिलं. तोच क्रम! हे लिहायची लाज वाटतेय.

२ डिसेंबर

नवनीत ऊसतोडीची पाळी लावायला कारखान्यावर गेला होता. गावातली बांगडीवाली आली. मी बोलावलं नव्हतं. सासूबाईंनी सतरंजी घातली, तिला पाणी दिलं, माझ्याकडे बघितलं. जबरदस्ती केली नाही. नको म्हटलं असतं तर त्या उठून गेल्या असत्या.

मी डावा हात पुढे केला.

काल रात्रभर त्याचा श्वास ऐकत पडले होते, म्हणून. हिरव्या काचेच्या, नेहमीच्या मापाच्या. बांगडीवाली म्हणाली, ताईंचा हात जरासा भरलाय. दाबून चढवल्या. सासूबाईंनी माझ्या मनगटावरून हात फिरवला — आल्यापासून पहिल्यांदा. त्यांचे डोळे भरले होते.

नवनीत आल्यावर त्यानं पाहिलं. रागावला नाही. म्हणाला, उद्या काढू.

३ डिसेंबर

निघत नाहीत.

५ डिसेंबर, शहादा

हात सुजून खांबासारखा झाला. बांगड्या कातडीत रुतलेल्या, त्याखाली लाल वळ. कोपरापर्यंत लाली. ताप. दवाखान्यात एका पोरसवदा डॉक्टरनं कात्रीसारख्या कशानं तरी एकेक तोडली. तुकडे ट्रेमध्ये पडायचे, आणि बाहेर बाकावर बसलेल्या सासूबाईंना प्रत्येक आवाज ऐकू जात असणार. डॉक्टर मला चांगलाच बोलला. शिकलेल्या बाई तुम्ही! खाली मान घातली. केमोही आता पुढे गेला. हात उतरल्याशिवाय नाही.

दोन दिवस ठेवून घेतलंय. नवनीत खाटेशेजारी स्टुलावर स्वतःचा डावा हात चोळत बसला होता. मी विचारलं, काय झालं? तो हसला.

"तुन्हा हातनी सूज मन्हा हातमा उनी वाटस."

मलाही हसू आलं. डॉक्टर तिथेच उभा होता, माझा हात हातात घेऊन, सूज मोजत.

११ डिसेंबर

घरी येऊन चार दिवस झाले. मायलेकात बरंच काही झालं होतं, मला काल कळलं. नवनीतनं तोडगा काढला — दोन्ही हातांच्या बांगड्या एका हातात! तोच शहाद्याहून घेऊन आला. त्यानंच साबण लावून माझ्या उजव्या हातात चढवल्या, ओट्यावर बसून, आई बघत असताना. बायकांचं काम म्हणून त्या तोंड वाकडं करत होत्या, पण उठल्या नाहीत. उजवा हात आता पार अर्ध्यापर्यंत हिरवा. भाकरी थापली तर सगळ्या गल्लीला कळेल.

नेम पाळला जातो की नाही, सासूबाई अजून ठरवतायत. रोज सकाळी आधी उजव्या हाताकडे बघतात, मग डाव्याकडे. डाव्यावर जास्त वेळ थांबतात.

रस्त्यावरून सारंगखेड्याच्या घोडेबाजारातून परतणारे घोडे जातायत. नवनीत दरवर्षी यात्रेला जायचा. यंदा म्हणाला, चालून दम लागतो, पुढच्या वर्षी जाऊ. मी म्हटलं, बरं. माझ्यामुळे थकलाय, दुसरं काय.

२२ डिसेंबर, सुरत

पहिला केमो. उजव्या हातातल्या बांगड्या वर सरकवून सुई लावली. तोंडाला लोखंडाची चव. नवनीत बाटलीकडे बघत होता, दूध उतू जाईल म्हणून बघतात तसा.

७ जानेवारी

केस गेले. सासूबाईंनी गोळा करून ठेवले. कुठे, ते विचारलं नाही.

९ जानेवारी

नाशिकहून ममताचा फोन. परीक्षा चालू आहे पोरीची, तरी रोज करते. आज माझी विचारपूस झाली आणि मग म्हणाली, पप्पा जिना चढताना थांबत होते मागच्या वेळी, मी पाहिलं. दाखवलं का? मी फोन त्याच्याकडे दिला. त्यानं ऊस गेल्यावर नक्की म्हणून कबूल केलं. ती चिडली. तो हसत राहिला. शेवटी ठरलं — पुढच्या केमोला सुरतला जाऊ तेव्हा त्याचंही दाखवून घ्यायचं. १६ तारखेला. मी कॅलेंडरवर गोल केला.

मला भीती वाटते. ती कोणाबद्दलची आहे, ते मी वेगळं काढून बघत नाही. या घरात आजारी एकच माणूस आहे, असं सगळ्यांनी धरलंय. मीसुद्धा.

१२ जानेवारी

डाव्या हाताची बोटं भिंतीवर चढवण्याचा व्यायाम. आज खुंटीपर्यंत पोचले! नवनीतनं पेन्सिलनं तिथे रेघ मारली आणि खाली तारीख लिहिली. मग खाली बसला. जरा वेळ बसलाच. सासूबाई त्याच्या दंडाला तेल चोळत होत्या. चोळताना त्यांचे डोळे माझ्या डाव्या मनगटावर. आज मी ते पदराखाली घेतलं.

२२ जानेवारी

चौदा तारखेला सकाळी नवनीत उसाच्या बांधावर बसला तो उठला नाही. डॉक्टरनं हृदयाचा झटका लिहिलं. घरात तसं कोणी म्हणत नाही. आज बसायला आलेल्या बायकांमधली एक हळूच म्हणाली, "डावा हात तर तिनी कव्हयनाच मोकळा करेल व्हता." सासूबाईंनी ऐकलं.

उद्या दहावा. उजव्या हातातल्या, नवनीतनं चढवलेल्या बांगड्या फोडतील. सासूबाई नाहीच म्हणतील, मला माहीत आहे. तरी आता उठून त्यांच्याजवळ जाऊन बसणार आहे आणि मागणार आहे: आई, ह्या माझ्या हातात राहू द्या.