हेडविगचा फोन

वाल्डरबाख, २ डिसेंबर १९८६

ती. उर्सुलाताईस,
ओटमारचा सा. न.

गावातली द्राक्षं कधीच उतरली. माझ्या टेकडीवरच्या चार ओळी मात्र अजून जाळीखाली वेलीवरच आहेत. बायको गेली, आता कशाला ही उठाठेव, असं शेजारचा क्लेमेन्स म्हणतो. अगं, हेडविगच्या हातची शेवटची छाटणी आहे ती. अशीच कशी तोडून टाकू?

तुला ठाऊकच आहे, या गोड वाइनसाठी पारा उणे सातच्या खाली गेला की गोठलेले घड पहाटेच तोडून तसेच दाबायचे. पाण्याचा बर्फ मागे राहतो, मधासारखा रस तेवढा गळतो. ऊन लागलं की संपलं. एकट्याचं काम नाही. थंडी पडली की गल्लीभर फोन करायची ती हेडविग. मला फोन हातात घेतला की घाम फुटतो. बघू.

लोभ आहे, तो कमी करू नकोस.
ओटमार

ब्रेमेन, ९ डिसेंबर

चि. ओटमार यास अनेक आशीर्वाद.

बघू म्हणजे काय रे? लहानपणी आई तुला शेजारी चाळण मागायला पाठवायची, तू दारातूनच परत यायचास आणि मला जावं लागायचं. अजून तसाच आहेस! बाबांचे लोकरी मोजे हातात घालून तोडणीला जायचो आपण. हेडविग तेव्हा गल्लीतली शेंबडी पोर, गोठलेली द्राक्षं चोरून दाढेखाली फोडायची.

सरळ सांग, या म्हणून. कुणी खाणार नाही तुला. गुडघे धड असते तर मीच आले असते.

तुझी काळजी करणारी,
ताई

वाल्डरबाख, २८ डिसेंबर

ती. ताईस सा. न.

काल पारा उणे नऊवर गेला. मी फोन उचलला आणि ठेवून दिला. हेडविग गेल्यापासून कुणाच्या दारी गेलो नाही, मग आता कामापुरतं कुठल्या तोंडानं बोलवू? बादली घेऊन एकटाच चढलो. वर पोचतो तर काय, ओळींमध्ये कंदील! क्लेमेन्स, गिझेला, अख्खी गल्ली. चढायला इतका वेळ लागतो का, म्हणून गिझेलानं मलाच झापलं.

उजाडायच्या आत तोडणी झाली. रस थेंबाथेंबानं गळतोय, ओठ चिकटतात इतका गोड.

इतक्या लांबून तू घरोघर फोन केलेस. तुझे उपकार कसे फेडू?

तुझा,
ओटमार

ब्रेमेन, ३ जानेवारी १९८७

चि. ओटमार यास आशीर्वाद.

अरे वेड्या, मी एकही फोन केला नाही. तुझं पत्र वाचून मीच चक्रावले आणि गिझेलाला विचारलं. ती म्हणाली, पारा उतरला तशी गल्लीत कुणालाच झोप नव्हती. सगळे सवयीनं हेडविगच्या फोनची वाट बघत पडले होते. तो काही वाजेना. मग कुणालाच राहवेना, निघाले.

गल्लीची माया आहेच, गिझेलाची बोलणी खाऊन ती वाढव.
ताई