पाईप आउट ऑफ स्कोप

मँचेस्टर, गुरुवार, सप्टेंबरअखेर

अँगलिंग क्लबच्या मीटिंगहून आत्ताच आलोय आणि डोकं तापलंय. नदीत सॅमन फारसे उरले नाहीत, म्हणून आमची गळाची मासेमारी यंदा लवकर बंद. बरं, करा बंद! पण मी उठून विचारलं, आम्ही उभे राहतो त्याच्या वरच्या अंगाला सांडपाण्याचा पाईप आहे, त्याचं काय? बंदी सांगायला आलेल्या सरकारी बाई गोड हसून म्हणाल्या, "सॉरी, ते आज आउट ऑफ स्कोप आहे." ऑफिसात क्लायंटला मी हेच ऐकवतो, त्यामुळे लगेच कळलं, विषय संपला. क्लबातल्या डेरेकने माझी बाही ओढली, "बस खाली. पुढच्या वर्षी परमिट हवंय ना?" आणि मी बसलो. का बसलो?

मी मालवणचा. पकडलेला प्रत्येक सॅमन नियमाप्रमाणे पाण्यात परत सोडतो, म्हणून बायको अजून हसते. गारठलेल्या हातांनी त्याचं तोंड प्रवाहाकडे करून धरायचं, दम परत आला, शेपटी हलली की सोडायचा. शनिवारचा चांगला तरतरीत झाला होता. हातातून सुटला तो सरळ वर गेला, त्या पाईपकडे.