हरसूलचा जांभळा शिक्का

मी, देवराम खंडेराव बोरस्ते, वय अठ्ठावन्न, धंदा डॉक्टरी, मध्यंतरी दीड वर्ष कायदेमंडळाची मेंबरकी, राहणार गंगापूर रस्ता, नाशिक, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहितो. बुद्धी ठिकाणावर आहे. छातीचे तसे नाही. ती मीच तपासली आहे आणि रोग्याला खोटे सांगण्याची माझी पद्धत नाही. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. ते आणणे पत्नीलाही तीस वर्षांत जमलेले नाही.

१. राहते घर आणि पोस्टातली शिल्लक पत्नी साळूबाई हिची. मी मेंबर झाल्यावर घरात खुर्च्या आल्या आणि त्यांवर बसायला माणसेही आली. आता कोणी येत नाही. खुर्च्या तिने खुशाल काढून टाकाव्यात, तिला त्या पहिल्यापासून नको होत्या.

२. हरसूलचा दवाखाना व औषधांची कपाटे माझा कंपाउंडर इसाक याला. बाजाराच्या दिवशी दवाखाना बंद राहू नये. नवा डॉक्टर त्यानेच शोधावा. निवडणुकीची हौस नसलेला पाहावा.

३. शिक्क्याबद्दल लांब लिहावे लागेल. वीस वर्षांपूर्वी हरसूलच्या बाजारात एक भोंदू सुई घेऊन फिरे. रंगीत पाणी टोचून त्याने चौघांचे हात सडवले. तेव्हा मी घरोघर सांगितले की माझ्या जांभळ्या शिक्क्याची चिठ्ठी पाहिल्याशिवाय कोणाच्या सुईपुढे दंड धरू नका. लोकांना वाचता येत नव्हते, पण शिक्का ओळखता येत होता. त्यांनी माझे ऐकले.

निवडणुकीत मी तोच शिक्का माझ्या पत्रकांवर मारला. "डाक्टरचा शिक्का हाय, मंग बिनघोर," लोक म्हणाले, आणि मी निवडून आलो. तेव्हापासून शिक्का दवाखान्यातून निघून माझ्या कोटाच्या खिशात राहू लागला. शिफारशीची पत्रे मागणारे रोज येत. मला ते आवडू लागले होते.

यंदा भाद्रपदात मी अधिवेशनासाठी पुण्यात असताना हरसूलच्या शेजारच्या गावांत पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ लागली. सरकारी माणूस लस घेऊन वेळेवर हरसूलला पोचला. लोकांनी चिठ्ठी मागितली. इसाक हातापाया पडला, "डॉक्टरसाहेबांचंच सांगणं समजा," म्हणाला. "शिक्का दाव," ते म्हणाले. इसाकने मला तार केली: शिक्का घेऊन या. पाच दिवसांनी खेड्यातल्या दवाखान्यांवर माझे भाषण होते. मी तार वाचली आणि खिशात ठेवली. त्याच खिशात शिक्का होता. टपालाने पाठवावा, एवढेही मला सुचले नाही.

मी पोचेपर्यंत हरसूलची अकरा माणसे गेली. त्यांत कुसाबाई होती. बहिरूची बायको, गावची सुईण. तिच्याबरोबर मी शंभरावर बाळंतपणे केली. आजाऱ्यांची उस्तवार करता करता ती गेली. तिने दंड धरला नव्हता, कारण मी तसे सांगितले होते. मला हे सहन होत नाही. मेंबरकीचा राजीनामा मी दिला, त्याने काहीच हलके झाले नाही.

४. कायदेमंडळाच्या कामकाजाची छापील पुस्तके इसाकने पुड्या बांधायला वापरावीत. माझ्या भाषणाची पाने आधी फाडावीत.

५. पक्षाचे गोरक्षराव मला "भाषण करूनच जा" म्हणाले, म्हणून मी दोन महिने त्यांच्याशी बोललो नाही. पण पाय माझे होते. त्यांच्यावरचा राग मागे घेतो. सगळा नाही.

६. हरसूलची जमीन बहिरूला द्यायची होती. त्याला बोलावले. तो ओट्यावरच बसला. "जमीन नको, डाक्टर. कुनासाठी पेरू?" म्हणाला. मी माफी मागितली. "ते माझ्या हाती नाय. तिला इचारा," म्हणाला. तेव्हा जमीन दवाखान्याकडे जावी. बहिरूला मी साक्षीदार व्हायला सांगितले. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही, आणि त्याला काही नकोच होते.

७. मी गेल्यावर हरसूलच्या बाजारात दवंडी पिटावी: डॉक्टर गेला, त्याच्या चिठ्ठीची वाट पाहू नका, सरकारी लस आली की टोचून घ्या.

शिक्क्याचे रबर मी आज कातरीने कापले. त्याची शाईची डबी तेवढी टेबलावर आहे.

हे सारे बहिरूला वाचून दाखवले. त्याने कागद उलटापालटा केला. "ह्याच्यावर शिक्का कुठंय? गाव कसं मानंल?"

"आता शिक्का नाही," मी म्हणालो. "तुझा अंगठा पाहून मानतील."

तो ओट्यावरून उठला. मग आत आला आणि त्याने डबी स्वतःच उघडली.

नाशिक, ता. २० नोव्हेंबर १९३८

सही: देवराम खंडेराव बोरस्ते

आम्हां दोघांसमक्ष सही झाली, आम्हीही त्यांच्यासमक्ष केली:

१. हनीफ शेख, शिंपी, राहणार नाशिक. सही.

२. बहिरू, कुसाबाईचा नवरा, राहणार हरसूल. डाव्या हाताचा अंगठा, जांभळ्या शाईत.