एकतर्फी निकाल

४ मार्च, मंगळवार

कारण काय, म्हणे!

वकीलबाईंनी कागद पुढे ओढला, पेनाचं टोपण काढलं आणि विचारलं, "घटस्फोटाचं कारण?" मी म्हटलं, नवरा नको झालाय. "हे कायद्यात बसत नाही." मग काय बसतं? छळ, दुसरी बाई, टाकून देणं, वेड लागणं — भाजीची यादी वाचावी तसं वाचून दाखवलं. दोघं राजी असलात तर सहा-एक महिने. तो राजी नसेल तर सिद्ध मी करायचं. लग्न लावताना कुणी काही सिद्ध करायला सांगितलं नव्हतं!

मग सांगितलं. चार वर्षांपूर्वी कामावरून घरी आले, तर दाराला नवं कुलूप. माझी किल्ली लागेना. आतून टीव्हीचा आवाज येत होता. अर्धा तास दार वाजवलं.

बाईंनी लिहून घेतलं. "हे चालेल."

चालेल!

५ मार्च

आईला सांगितलं. "कशाला कोर्टाची पायरी चढतेस? आहे ते असू दे."

आहे ते म्हणजे काय? चार वर्षं मी हिच्या मागच्या खोलीत, शिलाई मशीन आणि गाद्यांचा ढीग यांच्या मध्ये झोपते — ते?

११ मार्च

चष्म्याच्या दुकानात आज दोन काचा फुटल्या माझ्या हातून. घासताना जोर जास्त पडला. मालकांनी तुकडे उचलून टोपलीत टाकले. संध्याकाळी अर्जाचा मसुदा वाचला. मी 'अर्जदार', तो 'जाबदेणार'. हा शब्द मात्र आवडला. दे आता जाब!

२ एप्रिल

समन्स त्याला पोचलं. बेलीफाच्या हातून निमूट घेतलं म्हणे. मला वाटलं होतं, फोन करून शिव्या घालेल. काहीच नाही. या गप्प बसण्याचाच जास्त राग येतोय.

२४ एप्रिल

पहिली तारीख. अडीच तास बाकावर. तो समोरच्या भिंतीला टेकून उभा, शर्टाला कडक इस्त्री. पुकारा झाला, आत गेलो. त्याच्या वकिलाने एक कागद न्यायाधीशांना दिला, एक आमच्याकडे सरकवला. वकीलबाईंनी वाचला. पुन्हा वाचला. मग माझ्या कानाशी —

"तुमचा घटस्फोट झालेला आहे. मागच्या जूनमध्ये."

कुणाचा? असंच विचारलं मी. वेड्यासारखं.

त्याने त्याआधीच अर्ज केला होता. कारण — बायको स्वतःहून घर सोडून गेली. समन्स मला पोचलं, मी एकाही तारखेला आले नाही. म्हणून एकतर्फी निकाल. दहा महिने! या दहा महिन्यांत तीन फॉर्मवर मी 'विवाहित' लिहिलंय.

बाहेर येऊन तो म्हणाला, "तू आली नाहीस. मला वाटलं, तुला मान्य आहे." आणि जिना उतरून गेला.  आता त्याला द्यायला शंभर उत्तरं सुचतायत!

२९ एप्रिल

जुनी फाइल बघायला मिळाली. समन्सची पोच लावलेली आहे. घेणाऱ्याची सही — आईची. दहा वर्षं माझ्या प्रगतिपुस्तकावर होती तीच, शेवटच्या अक्षराला शेपूट असलेली.

घरी आले तर ती भांडी विसळत होती.

"माझ्या नावाचा कोर्टाचा कागद आला होता?"

नळ चालूच. "हो."

"कुठाय?"

"जाळला."

"का?"

"मला वाटलं, तू गेलीच नाहीस तर कोर्ट कसं मोडेल? लग्नाला दोन माणसं लागतात, मोडायलाही लागत असतील ना."

काय काय बोलले मी, ते लिहवत नाही. शेजारच्यांनी खिडकी लावून घेतली. ती एवढंच म्हणत होती, "संसार वाचवत होते गं तुझा."

माझा! मला न विचारता! त्याने विचारलं नाही, कोर्टाने नाही, हिनेही नाही.

३० एप्रिल

बोलणं बंद.

५ मे

वकीलबाई म्हणाल्या, "सोडून द्या. मोकळं व्हायचं होतं, झालात की."

झाले. पण निकालात शिक्क्यासकट लिहिलंय, मी 'स्वतःहून, सबळ कारणाशिवाय' घर सोडलं. कुलूप कुठेच नाही. अर्धा तास दार वाजवणारी बाई कुठेच नाही.

दुसरा रस्ता — निकाल रद्द करा असा अर्ज. कळल्यापासून तीस दिवसांत. कागद आपण दडवला, हे आईने शपथेवर सांगायचं. "आणि नीट ऐका," बाई म्हणाल्या, "रद्द झाला तर सगळं पहिल्यापासून."

९ मे

आई आपणहून माझ्या खोलीच्या दारात आली. "मी येते. सांगते सगळ्यांसमोर." मग हळूच, "शिक्षा करतात का गं?"

माहीत नाही म्हटलं. राग गेलेला नाही, जाणारही नाही इतक्यात. तिच्या चष्म्याची दांडी सैल झाली होती, ती आवळून दिली. 

१२ मे

अर्ज दाखल केला. मंजूर झाला, की मी पुन्हा त्याची बायको.

मीच मागितलंय!