अकरा ओळी तुमच्या नावावर

वेलचेरी, चेन्नई
१ डिसेंबर २००७

ती. गुंडोदादांच्या पायांवर त्र्यंबकचं डोकं. पत्र संपेपर्यंत ते तिथेच राहू द्यावं, ही विनंती.

इकडे सर्व क्षेम आहे, असं लिहायला पेन टेकवलं आणि थांबलो. या वर्षी मी एक खोटं लेखी दिलं आहे, दुसरं द्यायची ताकद उरलेली नाही. तेव्हा क्षेम निम्मंच: सुनेत्रा बरी आहे, मी नाही. तुमचा गुडघा कसा आहे? तुळसीवहिनींचा मोतीबिंदू काढला का? नवी म्हैस धार देते का? हे सगळं फोनवर विचारता आलं असतं, पण फोनवर तुम्ही मध्येच बोलता. पत्राला तो धोका नाही.

गोष्ट कारखान्यातल्या एका यंत्रापासून सुरू होते. आमच्याकडे मोटारींचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर बनतात, आणि प्रत्येक नग दाबून-सोडून त्याचा आलेख काढणारं एक यंत्र आहे. त्याला चालवणारा संगणक माझ्या लग्नाच्या वर्षीचा. (लग्न टिकलं. संगणक दर पावसाळ्यात अंथरूण धरू लागला.) बनवणारी कंपनी बुडाली, सुटे भाग मिळेनात. आमचे मॅनेजर देवेश, वय चौतीस, मला म्हणाले, "त्र्यंबकराव, त्या आजोबांना निरोप द्या आता." पण आजोबांच्या पोटातला प्रोग्रॅम दुसऱ्या कुठल्याच संगणकावर चालत नाही आणि तो लिहिणारा माणूस हयात नाही. तेव्हा आमच्या संगणक विभागातल्या वाणीने मला एमुलेटर नावाची वस्तू दाखवली. (वाणीचे पूर्वज तंजावरला गेले त्याला तीनशे वर्षं झाली. तिचं मराठी ऐकताना एखादी बखर तमिळ हेल काढून बोलते आहे असं वाटतं.)

एमुलेटर म्हणजे बहुरूपी. नव्या संगणकात बसून तो जुन्या यंत्राचं सोंग घेतो. जुना प्रोग्रॅम विचारतो, घड्याळ कुठे आहे? हा आपलं लटकं घड्याळ पुढे करतो. तो विचारतो, छापायचं यंत्र कुठे आहे? हा म्हणतो, हे काय समोरच. बिचाऱ्या प्रोग्रॅमला शेवटपर्यंत संशय येत नाही. आणि हा बहुरूपी कुणा एकाच्या मालकीचा नाही. देशोदेशीच्या दोन-तीनशे माणसांनी तो श्रमदानाने उभा केला आहे, आपण शाळेचा रस्ता केला होता तसा. कुणीही न्यावा, मोडलेलं दिसलं तर सांधावं, आणि काय सांधलं ते सगळ्यांपुढे ठेवावं. मला हे इतकं सात्त्विक वाटलं की मी आंघोळ करून कामाला बसलो. बसल्यावर कळलं की तो तयार मिळत नाही. कोरडा शिधा मिळतो, रांधायचं आपण. पहिल्या दिवशी पडद्यावर चारशे तक्रारी आल्या, आणि नवव्या दिवशी, वाणीच्या मदतीने, एकदाची चूल पेटली. यंत्राचा प्रोग्रॅम सुरू झाला आणि एकोणीस मिनिटांनी थिजला. रोज एकोणीसच. चार महिन्यांचे रविवार खर्ची पडले तेव्हा सापडलं: बहुरूप्याचं घड्याळ दर सेकंदाला केसभर मागे पडत होतं. मी अकरा ओळी लिहिल्या. आलेख निघाला. मी चपला काढून संगणकाला हात जोडले. देवेश म्हणाले, "बरं झालं," आणि चहाला गेले.

एवढ्यावर थांबलो असतो तर आज तुमच्या पायांवर सबंध डोकं ठेवायची वेळ आली नसती. पण फुकट घेतलं आहे तर परत द्यावं, ही आपल्या घरची शिकवण. ओळी पाठवायच्या तर खाली नाव लिहायचं आणि म्हणायचं, हे काम माझं, ते देण्याचा हक्क माझा. दादा, त्या रिकाम्या जागेपुढे मी बराच वेळ बसलो. आपल्याकडे सातबारा तुमच्या नावावर, गावचा गॅस तुमच्या नावावर, टेलिफोन तुमच्या नावावर. थोरले हयात असताना धाकट्याने स्वतःचं नाव कुठे लावलेलं मी पाहिलेलं नाही. हात आपोआप चालला. मी तुमचं नाव लिहिलं, तुमच्या नावाची टपालपेटीही संगणकात उघडली, आणि ओळी धाडून दिल्या.

सुनेत्राला सांगितलं तेव्हा ती भाजी निवडत होती. म्हणाली, "जमीन दादांच्या नावावर, गॅस दादांच्या नावावर. आता अक्कलही त्यांच्याच नावावर करून टाकलीत का?" वाणीने तर कपाळच बडवलं. "अय्यो सार, हें काय केलांत! तुमच्या अण्णांला विचारलांत तरी कां?" मी म्हटलं, गॅसच्या वेळी कुठे विचारलं होतं?

मला वाटलं, अकरा ओळी आहेत, कोण बघतो. दादा, तिथे सगळेच बघतात. ओळी चार वेळा परत आल्या. एकदा तर मोकळी जागा दोन बोटं जास्त सोडली म्हणून. प्रत्येक वेळी मी तुमच्या वतीने उत्तर दिलं: आदरणीय महोदय, आपली प्रकृती उत्तम असावी, चुकीबद्दल लहान भाऊ समजून क्षमा असावी. त्यांना अशा पत्रांची सवय नव्हती. मे महिन्यात ओळी स्वीकारल्या गेल्या आणि तुमची कीर्ती पसरू लागली. ब्राझीलहून, जपानहून तुम्हाला शंका विचारतात. संध्याकाळी ते सगळे संगणकावर गप्पांना जमतात, तुम्ही कधी जात नाही, म्हणून तुम्ही कुणी एकांतवासी साधक असावात असा समज आहे. ऑगस्टमध्ये त्यांनी तुम्हाला घड्याळाच्या भागाचे राखणदार नेमलं. (अभिनंदन. पगार नाही.) मी रोज देवपूजेनंतर तुमचं टपाल उघडतो, आणि उघडण्याआधी देवाला पुन्हा हात जोडतो. पूर्वी पूजेनंतर शांत वाटायचं.

आता मुख्य संकट. त्यांच्यातले वडीलधारे, फिनलंडचे एक गृहस्थ, या महिन्यात बंगळूरला सभेला येत आहेत. त्यांनी लिहिलं की गुंडोंचं दर्शन घेतल्याशिवाय परत जाणार नाही. मी लिहिलं, मी त्या योग्यतेचा नाही. त्यांचा आदर आणखी वाढला. मी लिहिलं, गाव फार आडबाजूला आहे. त्यांनी नकाशा मागवला. शेवटी, पाहुण्याला येऊ नका असं आपल्या घरातून आजवर कुणी लिहिलेलं नाही, म्हणून रीतीप्रमाणे लिहिलं, "अवश्य यावं, घर आपलंच आहे." आपल्याकडे हे वाक्य ऐकून कुणी येत नसतं. त्यांनी दुसऱ्या दिवशी तिकीट काढलं.

वहिनींना नमस्कार. उत्तर टपालानेच द्यावं, फोनचं धैर्य नाही.

तुमचा,
त्र्यंबक

ता.क. पाहुणे मंगळवारी, १८ तारखेला, बेळगावहून सकाळच्या एस.टी.ने पोचतील. सोबत अकरा ओळींचा कागद आहे, प्रत्येकीखाली मराठी अर्थ. कृपा करून पाठ करावा. त्यांनी काहीही विचारलं तरी हसून सातव्या ओळीवर बोट ठेवावं. ती सगळ्यांत लांब आहे, वाचण्यात वेळ जाईल. ते दूध घेत नाहीत. तुम्ही दूध संस्थेचे सचिव, तेव्हा तुमच्या घरी हे बोलू नका, असं मी त्यांना कळवलं आहे.

ता.क. (३ डिसेंबर) सोबतचा अकरा ओळींचा कागद फाडावा. पत्र पेटीत टाकायला निघालो आणि वाटेत दंडीश्वराच्या देवळात शिरलो. हात जोडले, पण मागायचं काय? माझ्या दादांना खोटं नीट बोलता येऊ दे, असं देवाला सांगायला जीभ रेटेना. तसाच परत आलो आणि त्या मंडळींना माझ्या नावाने सगळं खरं लिहिलं. मग तुमच्याशी तरी अर्धवट का बोलू? वर थोरल्यांच्या मानाचं लिहिलं ते निम्मंच खरं आहे. मला भीती वाटत होती. गावच्या शाळेत शिकलेला, पन्नाशीला टेकलेला माणूस जगातल्या शहाण्यांना सांगतो आहे की तुमचं घड्याळ चुकतं. चुकलो असतो तर माझं हसं झालं असतं. तुमचं झालं असतं तर तुमच्यापर्यंत पोचलंच नसतं, असा हिशेब होता. तो करताना मला लाज वाटली नाही, आता वाटते.

ता.क. (५ डिसेंबर) मंडळी रागावली. एकाने बरंच कठोर लिहिलं, ते रास्तच होतं. फिनलंडच्या गृहस्थांनी दुसऱ्या दिवशी स्वतः तुमचं नाव काढून माझं लावलं. ते लागून सहा तास झाले नाहीत, तोच त्या ओळींत चूक सापडली. सहा महिने तुमच्या नावाखाली ती सुखाने नांदत होती, कुणी बोट लावलं नाही. पाहुणे मात्र येणारच आहेत. म्हणतात, ज्यांच्या आड तुम्ही लपलात ते तरी पाहू, आणि चूक तिथेच दोघं बसून काढू. मी आदल्या दिवशी, सोमवारीच येतो. घरात घ्यायचं की ओसरीवर बसवायचं, ते तुम्ही ठरवा. कामाला तीन-चार तास लागतील. उत्तर कितीही रागाने लिहा, फक्त मंगळवारी गावात लोडशेडिंग किती ते किती असतं, तेवढं त्यात घाला.