ओव्हन सुनेच्या नावे

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, शाळेच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं सहायक म्हणून नोकरी करून निवृत्त झालेली, आज सकाळी चहा घेऊन, चष्मा पुसून, कोणाच्याही दबावाखाली नव्हे तर स्वतःच्या मर्जीनं हे लिहून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत. याआधी मी दुसरं मृत्युपत्र केलेलं नाही. माझ्या माघारी माझ्या मिळकतीची व्यवस्था खालीलप्रमाणे व्हावी.

कलम १. राहता फ्लॅट, दुसरा मजला, दोन खोल्या व स्वयंपाकघर, हा माझी मुलगी (यापुढे ‘थोरली’) आणि मुलगा (यापुढे ‘धाकटा’) यांना निम्मा-निम्मा. विकायचा की ठेवायचा हे दोघांनी बसून ठरवावं. बसून म्हणजे समोरासमोर बसून. फोनवर दोघंही एकमेकांचं बोलणं तोडतात.

कलम २. बँकेतली ठेवही त्याच हिशेबानं. दागिने आहेत म्हणण्यासारखे नाहीत. जे आहेत ते थोरलीला.

इथवरचं कोणीही लिहील. आता माझं खरं धन.

कलम ३. तराजू. शाळेनं मोडीत काढला तेव्हा रीतसर पावती करून मी तो घेतला. तो थोरलीच्या मुलीला, म्हणजे माझ्या नातीला द्यावा. ती रसायनशास्त्र शिकते, तिला त्याची किंमत कळेल.

हा तराजू घरी का आला, तेही इथे नमूद करते. एकेचाळीस वर्षांपूर्वी थोरलीच्या पाचव्या वाढदिवसाला मी पहिल्यांदा कपकेक केले. मासिकातलं चित्र बघून, सगळं अंदाजपंचे. बेकिंग पावडर चमचाभर हवी होती, तिथे मी खायचा सोडा मूठभर घातला. वरून करपले, आतून कच्चे, आणि गार झाल्यावर असे टणक झाले की सुरी चालेना. घरात वीस पाहुणे होते. माझ्या नणंदेनं, म्हणजे वन्संनी, एक हातात घेतला, टेबलावर ठोकून पाहिला आणि विचारलं, “वहिनी, हे खायचे आहेत, की दाराला अडसर म्हणून लावायचे?”

सगळे हसले. पाहुण्यांदेखत मीही हसले. थोरली रडली.

पाहुणे गेल्यावर यजमान भांडी विसळायला उभे राहिले. हात चालू ठेवून त्यांनी विचारलं, “प्रयोगशाळेत तू रसायन अंदाजानं घालतेस का?”

“छे.”

“मग इथेच का घातलंस?”

त्याच महिन्यात तराजू घरी आला. त्यानंतर सात रविवार मी तेच कपकेक करत राहिले, दर वेळी एकच गोष्ट बदलून. आठव्या रविवारी ते फुलले. थोरलीनं सलग चार खाल्ले आणि तिला ओकारी झाली. माझ्या आयुष्यात मला मिळालेलं ते पहिलं बक्षीस.

कलम ४. वन्संवरचा राग. हा एकेचाळीस वर्षं नीट सांभाळलेला असून तो पूर्णपणे माझ्या मालकीचा आहे. तो मी कोणालाही वारशानं देत नाही. मुलांनी त्यावर हक्क सांगू नये. वन्संनी ते शब्द कधी परत घेतले नाहीत, मात्र दर वर्षी त्यांच्या वाढदिवसाला पाठवलेला डबा चाटूनपुसून परत केला. माझ्या माघारी तो डबा त्यांनाच देऊन टाकावा.

कलम ५. वही. निळ्या पुठ्ठ्याची, जाडजूड, पानांना लोण्याचे डाग पडलेली. ही थोरलीला. थोरलीला पाणी उकळायलाही घड्याळ लावावं लागतं, हे मला माहीत आहे. वही करण्यासाठी नाही, वाचण्यासाठी आहे. घरातल्या प्रत्येक वाढदिवसाला किती कपकेक केले, काय बिघडलं आणि का बिघडलं, ते तारीखवार लिहिलेलं आहे. पाककृती ज्याला हवी त्यानं उतरवून घ्यावी. पाककृती लपवणाऱ्या बायकांबद्दल मला कधी आदर वाटला नाही.

थोरलीनं नातीच्या पहिल्या वाढदिवसाचं पान आधी काढावं. ती तेव्हा राहायची ते गाव बसनं नऊ तासांवर. मी छत्तीस कपकेक तीन पसरट डब्यांत भरले, आयसिंग थर्मासात बर्फावर ठेवलं आणि डबे मांडीवर घेऊन बसले. कंडक्टर म्हणाले, “मावशी, डबे खाली ठेवा.”

“खाली इंजिनाची धग लागते.”

“मग वर फळीवर ठेवा.”

“वरून पडतील.”

“नऊ तास मांडीवर धरणार?”

“धरीन. तुम्ही तेवढं ड्रायव्हरसाहेबांना खड्डे सांभाळायला सांगा.”

ते खरंच पुढे जाऊन सांगून आले. वाटेत टायर पंक्चर झाला, दोन तास उन्हात गेले. सगळे प्रवासी खाली उतरले, मी डबे घेऊन झाडाखाली बसले आणि पदरानं वारा घातला. पोचले तेव्हा पाय इतके बधिर झाले होते की जावयांनी हाताला धरून उतरवलं. छत्तीसपैकी चौतीस शाबूत होते. उरलेले दोन, जरा चेपलेले, मी कंडक्टर आणि ड्रायव्हर यांना दिले. छातीवर हात ठेवून सांगते, नोकरीतल्या कुठल्याही प्रमाणपत्रापेक्षा त्या चौतीसांचा मला अभिमान आहे.

याच वहीत तीन ओळी कोऱ्या आहेत. त्यांचा खुलासा पुढील कलमात करते.

कलम ६. ओव्हन, बारा खळग्यांचे दोन ट्रे आणि आयसिंगच्या नळ्या. हे सर्व माझ्या सुनेला, म्हणजे धाकट्याच्या बायकोला. थोरलीला वाईट वाटेल. म्हणून कारण लिहिते.

माझे यजमान वायरमन होते. बंद पडलेल्या एका खानावळीतला ओव्हन त्यांनी भंगारातून हातगाडीवर घालून आणला आणि दोन महिने खपून चालू केला. माझा प्रत्येक कपकेक त्याच ओव्हनमध्ये भाजला गेला.

नऊ वर्षांपूर्वी धाकट्यानं लग्न ठरवलं. मुलीचं स्वतःचं गॅरेज, दिवसभर गाड्यांखाली, नखांत कायम ग्रीस. मी म्हटलं, “असले हात माझ्या स्वयंपाकघरात चालायचे नाहीत.” धाकटा म्हणाला, “मग माझेही नाहीत.” यजमान लग्नाला हजर राहिले, मी राहिले नाही. त्यानंतर धाकट्याचे तीन वाढदिवस आले आणि गेले. मी ओव्हन पेटवला नाही. त्याच तीन कोऱ्या ओळी. मधल्या काळात यजमान वारले. सून भेटायला आली होती. मी तिला बस म्हटलं नाही.

पुढे एकदा नातीच्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, आत बारा कपकेक असताना, ओव्हन बंद पडला. दोन कारागीर बघून गेले. दोघेही म्हणाले, भंगारात द्या, नवा घ्या. धाकट्याला फोन लावला. फोन सुनेनं उचलला. नंबर ओळखून तीच म्हणाली, “आई, काय झालंय?”

“ओव्हन गेला गं.”

“हात लावू नका. आले.”

अर्ध्या तासात ती कामाच्या कपड्यांतच आली. सिंकवर कोपरापर्यंत हात साबणानं धुतले, मला दाखवले आणि मगच ओव्हनचं मागचं झाकण उघडलं. झाकणाच्या आतल्या बाजूला यजमानांनी पेन्सिलीनं सगळ्या वायरिंगचा नकाशा काढून ठेवला होता. मला पत्ता नव्हता. खाली लिहिलं होतं. ते तिनं मोठ्यानं वाचलं: “हिला नवा घ्यायला सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. सगळं दुरुस्त होतं.”

मी खुर्चीवर बसले. सुनेनं झाकण अलगद ओट्यावर टेकवलं. मग म्हणाली, “बाबा बरोबर आहेत. तासाभराचं काम आहे.” संध्याकाळी नातीचे कपकेक भाजून झाले.

जाताना तिनं विचारलं, “आई, तुमचा वाढदिवस कधी असतो?” हे मला कोणी कधी विचारलं नव्हतं. सगळ्यांच्या तारखा मला पाठ, म्हणून माझी कोणाला विचारावीशी वाटली नसावी. पाच महिन्यांनी ती आणि धाकटा दारात उभे, हातात डबा. तिनं केलेले पहिलेच कपकेक. मधोमध खड्डा, साखरेच्या दुप्पट मीठ. वन्संना शोभेल असं वाक्य अगदी माझ्या जिभेच्या टोकावर आलं होतं. ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

मी अख्खा कपकेक संपवला. म्हटलं, “दार मधेच उघडलंस ना? पुढच्या वेळी पंधरा मिनिटं हात लावायचा नाही. ये, दाखवते.”

माझ्या हयातीत मी गिळलेलं हे एकमेव वाक्य, आणि त्याचा मला सार्थ अभिमान आहे. आज तिचे कपकेक माझ्यापेक्षा हलके होतात. हे तिला सांगू नये. वाचेल तेव्हा कळेलच.

कलम ७. धाकट्या, त्या तीन वाढदिवसांबद्दल आईचं चुकलं. हे तोंडानं सांगायचं राहिलं, म्हणून कायदेशीर कागदावर लिहिते.

कलम ८. या मृत्युपत्राची अंमलबजावणी थोरलीनं करावी. ती कडक आहे आणि तेच हवं आहे. वरील व्यवस्थेवरून कोणी तंटाबखेडा करू नये.

साक्षीदारांना मृत्युपत्रातून काही देता येत नाही, असं समजलं. तरी सही करण्यापूर्वी दोन्ही साक्षीदारांनी खाल्लेले कपकेक या दस्ताचा भाग समजू नयेत.

स्थळ: माझ्या स्वयंपाकघरातलं टेबल
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२३
(सही)

साक्षीदार १: शेजारच्या बाई, निवृत्त ग्रंथपाल. माझ्यासमक्ष सही झाली. मी दोन खाल्ले. (सही)

साक्षीदार २: तळमजल्यावरचे डॉक्टर. लिहून देणाऱ्या बाईंची मी आज तपासणी केली. तारीख, वार, महिना त्यांनी अचूक सांगितला. शिवाय माझा वाढदिवस येत्या बुधवारी आहे, हेही सांगितलं. मी ते विचारलं नव्हतं. स्मरणशक्ती उत्तम. (सही)